अबिसीनिया आमच्याकडे जेवत असे

जगात राजे पुष्कळ झाले, पण सोलकढीची दुसरी वाटी नाकारून राज्य वाचवायला निघालेला राजा एकच, तो म्हणजे माझा मावसभाऊ! केळशीहून तो रत्नागिरीला शिकायला आला आणि मांडवीला आमच्या घरी राहिला. एखादी गोष्ट त्याने एकदा अंगावर घेतली की आंघोळीलासुद्धा उतरवायची नाही, असा त्याचा खाक्या. आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी शाळेत जागतिक वादमंडळ काढलं आणि चिठ्ठ्या टाकून मुलांना एकेक देश वाटला. ज्याला देश त्यालाच खुर्ची, आणि खुर्ची असेल त्यानेच बोलायचं. मला इटली आली, त्याला अबिसीनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. झालं! पस्तीस सालच्या दसऱ्याच्या सुमारास इटलीने खरोखरच अबिसीनियावर स्वारी केली आणि या गृहस्थाने घरात माझ्याशी बोलणं टाकलं.

पंगतीत तो माझ्या शेजारी बसेना. मी विहिरीतून काढलेलं पाणी अंगावर घेईना. "मावशी, इटलीला सांग गो, माझा पंचा दे म्हणावं." आई वैतागून म्हणे, "मेल्यांनो, भांडण कसलं ते तरी सांगा!" "याने आमची माणसं मारली, मावशी." मंडळाने इटलीशी व्यापार बंद करायचा ठराव केला, तेव्हा शाळेत मला कुणी पेन्सिल देईना, एवढंच. घरी मात्र माझ्या वाटचा तळलेला बांगडा त्याच्या पानात जाऊ लागला. तो तेवढा खाई. सोलकढी पुन्हा वाढायला गेलं की वाटीवर हात ठेवी, "नको गो, तिथे माणसं उपाशी लढतायत."

मे महिन्याच्या सुट्टीत तो केळशीला गेलाच नाही. लढाई चालू असताना राजधानी सोडायची कशी? खरा राजा बोटीत बसून निघून गेला, हा मांडवीलाच राहिला. मुंबईच्या बोटीने आलेल्या वर्तमानपत्रात राजधानी पडल्याचं वाचलं आणि पिकायला घातलेल्या आंब्यांपाशी माळ्यावर जाऊन बसला. दिवसभर त्याने एक आंबा खाल्ला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इटली काय मी मागून घेतली होती?

जूनमध्ये शाळा उघडली. मास्तर हळूच म्हणाले, "बाळ, तुझा देश राहिला नाही. खुर्ची सोडावी लागेल. नियम आहे."

तो उठला, पण खुर्चीची पाठ काही सोडेना. त्या खुर्चीपायी त्याने सगळी थंडी आणि सगळा उन्हाळा घालवला होता.

"मास्तर, हिंदुस्थान कुणाकडे आहे?"

मास्तरांनी भिंतीवरच्या इंग्रज बादशहाच्या तसबिरीकडे पाहिलं, मग दाराकडे. "त्याची चिठ्ठी मी टाकलीच नव्हती रे."

"मग तो मला द्या."

मास्तरांनी जाऊन दार लोटून घेतलं. "बस खाली," ते म्हणाले.

त्या दिवशी जेवताना तो माझ्या शेजारी येऊन बसला. "सरक की रे इटली!" म्हणाला आणि आईपुढे सोलकढीसाठी दुसऱ्यांदा वाटी धरली. पुढे जन्मभर, लग्नकार्यात, चारचौघांत, तो मला इटलीच म्हणत राहिला. मी चिडायचोही. गेल्या पावसाळ्यात तो गेला. आता त्या नावाने मला हाक मारणारं कुणी नाही, आणि पानावर बसताना अजून माझ्याकडून थोडं सरकलं जातं.