खंडेनवमीला धुतलेली वजनं

खंडेनवमी, सकाळी सव्वानऊ. सांगलीतल्या आमच्या महाविद्यालयाची पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा. हजर: मी, विभागप्रमुख, प्रयोगशाळेचे मदतनीस आणि माझी संशोधक विद्यार्थिनी. ती आटपाडीहून पहिल्या एसटीनं आली होती.

टेबलावर लाल कापड. त्यावर नट आवळायचे पाने, पक्कड, तराजू आणि मधोमध आमची चार पितळी वजनं, चिंचेनं घासून लख्ख केलेली, वर हळदकुंकू. मी तशीच ओव्हनकडे धावले.

ओव्हनमध्ये चार रबरी पट्ट्या टांगलेल्या होत्या. प्रत्येकीला वेगळं वजन बांधून मी आदल्या दुपारी घरी गेले होते. आता खाली नुसते दोरे लोंबत होते.

हे रबर साधं नाही. त्याच्या आत काडीसारखे रेणू असतात. थंड असताना ते एका दिशेला रांगेत राहतात, तापवलं की रांग मोडते आणि पट्टी आखडते. पट्टीला ओढ असेल तर रांग मोडायला जास्त तापमान लागतं, आणि ओढ फार वाढली की ती एकदम न मोडता हळूहळू विरत जाते. किती ओढीला काय होतं, हाच या मुलीच्या प्रबंधाचा विषय. तीन बॅच झाल्या होत्या. ही शेवटची. रसायन संपलं होतं, नवं यायला महिने लागतात, आणि तिची मुदत दिवाळीनंतर संपत होती. पट्ट्या पक्क्या होईपर्यंत, म्हणजे रात्रभर, वजनं लटकत राहायला हवी होती.

चारही पट्ट्या दुधाळ आणि सुरकुतलेल्या निघाल्या. ओढ नसल्यामुळे रेणू जिकडेतिकडे तोंड करून घट्ट झाले होते.

वजनं कुणी काढली, असं मी विचारलं. मदतनीस कुंडलचे, फौजेतून निवृत्त झालेले. ते लगेच पुढे आले.

"मीच काढली, कालच सांजच्याला. आवं मॅडम, युनिटात नवमीच्या आदी समदी हत्यारं खोलून पुसायचो. वजन बी हत्यारच की. तुमची पाटी वाचूनच आत हात घातला. पट्टीला बोट लागू दिलं न्हाई."

पाटी माझीच होती, लॅमिनेट करून चिकटवलेली: पट्ट्यांना हात लावू नये. बाजारात जातानाही यादी करणारी बाई मी, आणि वजनांचा उल्लेख करायला विसरले. त्यांच्यावर ओरडायचा हक्क मला नव्हता. तो राग गिळला, पण तो खाली उतरेना.

विभागप्रमुखांच्या हातात नारळ होता. त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलंही नाही. मुलीला म्हणाले, "वजनं तीच आहेत ना? परत अडकव. आकडे मागच्या तीन बॅचवरून काढता येतील. तक्त्यातली एवढी एक ओळ कोण तपासतंय?"

ती म्हणाली, "सर, ओढ काल रात्री हवी होती. आज टांगून काय उपयोग?"

चार वर्षं आटपाडी-सांगली करून या मुलीनं एकेक आकडा मिळवला होता, आणि हा माणूस तिला खोटा आकडा लिहायला सांगत होता, तोही पूजेसमोर. मी म्हटलं, "ती ओळ तुम्ही भरा सर, आणि खाली सही तुमचीच करा."

सणासुदीला एवढं तापू नये, असं काहीतरी ते बोलले आणि नारळ फोडला. त्यांनी पुढे केलेलं खोबरं मी घेतलं नाही. मदतनिसांच्या हातून घेतलं. मुलीनं कुणाकडूनच घेतलं नाही.

दहा वाजता मी मुदतवाढीचा अर्ज टाइप केला. काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं, पाटीतली माझी चूकसुद्धा. दसरा झाल्यावर बघू, म्हणून विभागप्रमुखांनी तो ठेवून घेतला.

दसरा होऊन आठ दिवस झाले. रसायनाची मागणी पाठवली. घासलेली वजनं पुन्हा तपासून घेतली. नवी पाटी लावली, तिच्यात दोरे आणि वजनंही आहेत. प्रबंधातली ती ओळ कोरी ठेवली आहे.

यादीत एकच काम उरलं आहे: अर्जावर विभागप्रमुखांची सही.