डागमावशींची तुती

लाँड्रीच्या अंगणात तुती लावणं म्हणजे सुतारानं घरात वाळवी पाळणं, असं सगळी गल्ली म्हणायची. गल्लीचं काही चुकत नव्हतं. तुतीचं पिकलेलं फळ पांढऱ्या कापडावर पडलं की जांभळा डाग पडतो आणि तो कापड फाटेपर्यंत साथ सोडत नाही. तरीही डागमावशींच्या अंगणात, कपडे वाळवायच्या दोऱ्यांपासून दहा पावलांवर तुती उभी होती, आणि चांगली छपराच्या वर गेलेली होती.

डागमावशी हे काही त्यांचं जन्माचं नाव नाही. शाई असो, गंज असो, चहा असो की स्कूटरचं ऑइल, मावशींच्या हातून डाग निघाला नाही असं होत नसे, म्हणून गिऱ्हाइकांनीच हे नाव पाडलं. नव्या माणसाला ते ऐकून भलतंच वाटायचं. मावशींना मात्र ते आवडायचं. घराच्या पुढच्या खोलीत तेवीस वर्षं त्यांची लाँड्री चालली होती आणि एकही कपडा त्यांनी डागासकट गुपचूप परत केला नव्हता. "हा माझ्याच्यानं जात नाही," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची वेळ आयुष्यात तीनदा आली. ते तिन्ही डाग मावशींना वैऱ्यासारखे लक्षात होते.

तुती घरात आली तीही कपड्यांतूनच. धुण्याआधी प्रत्येक खिसा तपासायचा हा त्यांचा नेम. एका माळ्याच्या पँटच्या खिशात त्यांना ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन काड्या सापडल्या. माळी कपडे न्यायला आला तेव्हा म्हणाला, "तुतीच्या फांद्या आहेत मावशी. लावायला म्हणून कापल्या आणि साफ विसरलो. चार दिवस झाले. मेल्या असतील, टाकून द्या."

"टाकायला काय, कधीही टाकता येतं," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी साबणाच्या रिकाम्या बादलीला खालून भोकं पाडली.

दोन काड्या कुजल्या. तिसरीला महिन्याभरानं कोंब आला. अंगणात लावल्यावर एकदा शेजारची शेळी शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सगळं खाऊन गेली, तरी बेट्यानं पुन्हा डोकं वर काढलं. कपडे शेवटचे विसळल्याचं, साबण आणि नीळ नसलेलं पाणी मावशी रोज बादलीनं नेऊन बुंध्याशी ओतायच्या. तिसऱ्या वर्षी सात फळं आली. एक त्यांनी खाल्लं, एक मुलाला दिलं आणि उरलेली पाच वाटीत घालून काउंटरवर ठेवली. ती गिऱ्हाइकांनी फक्त बघायची होती. एकानं हात पुढे केला तर मावशींनी वाटी मागे ओढली. शेवटी ती फळं सुकून मनुकांएवढी झाली, पण आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहिली, आणि मावशींचं पोट तेवढ्यानंच भरलं.

पुढे फळांना तोटा राहिला नाही. हंगाम संपला की मावशी स्वतः इस्त्रीच्या टेबलावर चढून करवतीनं फांद्या छाटायच्या. "अहो, किती निर्दयपणे कापता," असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "फळ नव्या फुटीला येतं. लाड केले की नुसता पाला." हे त्या मुलाच्या देखत म्हणायच्या, आणि कुणाला उद्देशून म्हणायच्या ते त्याला बरोबर कळायचं.

मुलगा त्यांच्याबरोबरच लाँड्रीत होता. कपडे पोचवणं त्याच्याकडे. हात चांगला होता, कष्टाला मागे नव्हता, पण झाडाचं नाव काढलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. झाड काढून तिथं पत्र्याची शेड घालायची, म्हणजे बाराही महिने कपडे वाळतील, हा त्याचा धोशा. एकदा भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, तो म्हणाला, "आई, हे विकतचं दुखणं आहे. एक दिवस कुणाच्या तरी कपड्याचा सत्यानाश होणार."

मावशींनी इस्त्री उभी केली. "ज्या दिवशी या झाडाचा डाग घेऊन आपल्या दुकानातून एक जरी कपडा बाहेर जाईल, त्या दिवशी मी स्वतः ते तोडीन. तोवर तू त्याच्याकडे वाकड्या नजरेनं बघायचं नाही."

चार जणांनी ऐकलं, म्हणजे सगळ्या गल्लीनं ऐकलं. तेव्हापासून हंगामात मावशी दोऱ्या उलट्या बाजूला हलवायच्या आणि झाडाखाली जुन्या चादरी अंथरायच्या. सहा वर्षं एक ठिपका पडला नाही. फळ कुठवर पडतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाखरं फळ खाऊन दोरीवर येऊन बसतात, एवढंच त्या विसरल्या.

त्या दिवशी दवाखान्याचे पांढरे कोट वाळत होते. संध्याकाळी पाचला पोचवायचे होते. दुपारी मुलगा ते काढायला गेला आणि एका कोटाच्या छातीवर, खिशाच्या जरा खाली, त्याला जांभळा डाग दिसला. पाखरानं आपलं काम केलं होतं. खरं तर मुलाला हवं तेच झालं होतं. त्यानं तो कोट नुसता घडीत घातला असता तरी झाडाचा निकाल लागला असता. पण मुलगाही शेवटी मावशींचाच. डाग दिसल्यावर त्याला राहवेना. त्यानं गरम पाणी घेतलं, साबण घेतला, वर चिमूटभर सोडा टाकला आणि घासायला लागला. डाग निळा झाला आणि तळहाताएवढा पसरला. मग त्यानं हाक मारली, "आई, जरा बाहेर ये."

मावशींनी कोट हातात घेऊन पाहिला.

"साबण लावलास?"

"हो."

"सोडाही?"

मुलानं सोड्याची पुडी पायानं मागे सारली.

"म्हणजे करायचं नव्हतं तेवढं सगळं केलंस."

"मी बाजारातून नवा कोट आणतो," तो म्हणाला. "सारखाच मिळतो. कुणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझीच ना? आत काय आहे ते मला ठाऊक असणारच."

मावशी कोट हातात धरून झाडाकडे बघत राहिल्या. अकरा वर्षांचं झाड. आज ते तोडावं लागणार, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले, आणि मुलासमोर भरून आले याचा त्यांना राग आला. डोळे पुसायला हात वर नेला तेव्हा त्यांची नजर बोटांवर गेली. सकाळी त्यांनी दोन वाट्या फळं तोडली होती. बोटं तेव्हा जांभळी झाली होती. आता स्वच्छ होती. स्वच्छ कशी? फळं तोडून झाली की चार कच्ची, हिरवी फळं चुरडून ती बोटांना चोळायची, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय. कपड्यावर तो उपाय करून बघायची वेळच आली नव्हती, कारण कपड्यावर डाग कधी पडलाच नव्हता.

"गार पाणी आण," त्या मुलाला म्हणाल्या. "आणि साबणाला हात लावलास तर बघ."

ओंजळभर कच्ची, कडक फळं त्यांनी दगडानं ठेचली आणि तो आंबट चोथा डागावर चोळला. निळ्याचा गुलाबी झाला.

"आई, हा तर आणखी उठून दिसतोय."

"गप्प बस."

गार पाणी, पुन्हा चोथा, पुन्हा गार पाणी. तिसऱ्या वेळी गुलाबी फिका झाला. पाचव्या वेळी नुसतं पांढरं कापड उरलं. मावशींनी ते उन्हात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, वाळवून पाहिलं. इस्त्रीही त्यांनीच केली, कारण उरलासुरला डाग गरम इस्त्रीखाली वर येतो. आला नाही.

एवढ्यावर दुसऱ्या कुणी देवाचे आभार मानून गठ्ठा बांधला असता. मावशी मात्र चपला घालून मुलाबरोबर निघाल्या. वर्षानुवर्षं त्या दवाखान्यात गेल्या नव्हत्या.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई कपड्यांच्या बाबतीत फार कडक. मावशींनी त्यांच्या टेबलावर गठ्ठा ठेवला आणि त्यातला एक कोट काढून वर ठेवला.

"बाई, यावर तुतीचा डाग पडला होता. माझ्याच झाडाचा. मी काढलाय. मला दिसत नाही, पण माझे डोळे माझ्या बाजूचे. तुम्ही बघा. तुम्हाला दिसला तर कोट भरून देते आणि झाड आजच्या आज तोडते. तसा शब्द दिलाय मी."

मुलगा छताकडे बघत उभा राहिला. बाईंनी चष्मा लावला, कोट उचलला आणि खिडकीशी नेला. पुढून पाहिला, मागून पाहिला, बाह्या उजेडात ताणून पाहिल्या.

"कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"ते तुम्ही शोधायचं."

मुलानं दचकून आईकडे पाहिलं. बाईंशी असं कुणी बोलत नसे. बाईंनी कोट पुन्हा उलटसुलट केला.

"कॉलरपाशी?"

"नाही."

"मग या बाहीवर."

"नाही, बाई."

बाईंनी चष्मा काढला. मग अंगातला स्वतःचा कोट उतरवला. त्याच्या बाहीवर चहाचा चांगला रुपयाएवढा डाग होता. तो त्यांनी मावशींच्या हातात दिला. "हा घेऊन जा, मावशी." आणि खिडकीतला कोट अंगात चढवून, खालपासून वरपर्यंत बटणं लावून, त्या वॉर्डात निघून गेल्या.

मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. बाई एकेका पेशंटपाशी वाकत होत्या, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तोच कोट, डागाची तीच जागा. एवढा अभिमान मावशींना तेवीस वर्षांत वाटला नव्हता आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटली नाही. बाई वॉर्डाच्या टोकाला पोचेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

दोघं घराकडे परत निघाली. कोपऱ्यावर आल्यावर मुलगा म्हणाला, "एक जाळी घेऊ या. बारीक भोकांची."

मावशी थबकल्या. "झाडावर टाकायला?"

"छे. दोऱ्यांवर. झाडावर टाकली तर पाखरांनी खायचं काय?"