डाव्या-उजव्याचा रकाना

कापितोलिना येगोरोव्नाची अडतीस वर्षं लोकरीचे वालेंकी बूट बनवण्यात गेली होती. सरकारने गावातल्या अकरा कारागिरांचं क्लस्टर, म्हणजे एक गट केला, तेव्हा त्यातून लोकर पिंजायचं यंत्र मिळेल म्हणून तिनेही अर्ज केला. आज अर्ज तपासायला शहरातून आलेल्या सरकारी अधिकारी वादिम अर्काद्येविचने तिचा अर्ज टेबलावर आपटला.

"डावे किती, उजवे किती, रकाना रिकामा! अर्ज बाद."

"अहो साहेब, वालेंकीत डावा-उजवा नसतोच. दोन्ही सारखेच. घालणाऱ्याचा पायच त्यांना वळण लावतो. जन्मात कधी घातलेत का?"

"बुटांचा फॉर्म सगळ्यांना एकच आहे, आजी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब तोऱ्यात निघून गेला.

तासाभरात तो लंगडत परत आला. मोटार बर्फात रुतली होती, चामड्याचे पातळ बूट भिजून पाय बधिर झाले होते.

"आजी, एक जोड द्या हो लवकर!"

तिने भट्टीजवळचा कोरा जोड आणला. त्याने हात पुढे करताच तिने तो जोड मागे ओढला आणि बाद झालेला अर्ज त्याच्यापुढे सरकवला.

"यातला डावा कुठला, ते आधी लिहा. मग पाय घाला."