देवीचे आभार मी मानले नाहीत

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या मुलीच्या तोंडावरचं ओलं फडकं दोन बोटांनी उचललं, पाहिलं, आणि हळूच परत टाकलं. "स्मॉलपॉक्स," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "देवी."

ते मला ठाऊक होतं. आमच्या शिरपुरात गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मी औषधासाठी आले होते.

"यावर औषध नाही, बाई. फोड आपोआप पिकतात, आपोआप वाळतात. आपण डोळे वाचवायचा प्रयत्न करायचा."

ज्यांच्या घरात हा आजार येईल त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. सोसायला शिकवण्यासाठी नव्हे. ते शिकवणारे तुम्हांला पुष्कळ भेटतील.

माझी इंदू चार वर्षांची. चैत्रात तिला ताप भरला, कंबर दुखते म्हणून रडू लागली, उलट्या झाल्या. मग ताप उतरला आणि मी सुस्कारा सोडला. तोच कपाळावर आणि जिभेवर लाल ठिपके दिसले.

हिवाळ्यात देवी टोचणारे सरकारी गृहस्थ गावात आले होते. तेव्हा ती हिवतापानं फणफणत होती. तापात टोचत नाहीत, पुढच्या खेपेला आणा, असं त्यांनी सांगितलं. बरोबरच सांगितलं. पुढची खेप यायच्या आधी आजार आला. यात चूक कुणाची, हे मी फार शोधलं. कुणाचीच सापडली नाही. त्यामुळे राग कुणावर काढावा हेच कळेना.

आमच्याकडे याला आजार म्हणतच नाहीत. घरात देवी आली म्हणतात. फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचे डहाळे. पोराच्या अंगात साक्षात ती, म्हणून पोरापुढं हात जोडायचे. कातडीला चादर चिकटते, ती सोडवताना पोर किंचाळतं, आणि आपण म्हणायचं, आई, आलीस, बरं झालं. माझ्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या इंदूच्या उशाशी बसून देवीचं गाणं म्हणायच्या. आवाज गोड होता. मला तो ऐकवत नव्हता.

आमचे हे शाळेत मास्तर. रोज सकाळी पोथी वाचल्याशिवाय चहा घेत नसत. ते म्हणाले, "प्रारब्ध असतं. मागच्या जन्मीचं कुणाला चुकलंय?"

"काय केलं हिनं मागच्या जन्मी?"

"ते आपल्याला कसं कळणार?"

"शाळेत पोराला छडी मारता, तेव्हा कशाबद्दल ते सांगता ना?"

त्यांनी पोथी पुन्हा उघडली. मला वाटलं होतं, त्यांच्याकडे उत्तर असेल. इतकी वर्षं वाचत होते.

इंदूचे डोळे सुजून मिटले, तेव्हा मी म्हटलं, गाडी जुंपा. अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. "देवी आंगमा शे. हालाडू नको, माय. ती रागे भरी."

"भरू दे. आता आणखी काय करणार आहे ती?"

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. पण गाडी निघाली तेव्हा त्या मुकाट्यानं येऊन इंदूजवळ बसल्या.

दवाखान्याच्या आवाराबाहेर या रोग्यांसाठी पत्र्याची वेगळी खोली होती. उन्हात पत्रा तापायचा आणि पिकलेल्या फोडांच्या वासानं जीव गुदमरायचा. बाहेरच्या ओट्यावर आम्ही पाळीपाळीनं बसत असू. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ स्वतः यायचे. बोरिक लोशन, म्हणजे बोरिक पावडर घातलेलं कोमट पाणी, कापसावर घेऊन पापण्यांतला पू पुसायचे. त्यांनी मला समजावलं, "कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा. तिथं अल्सर झालाय, म्हणजे व्रण. तो किती खोल जातो यावर सगळं आहे."

एका दुपारी डोळे धुताना इंदू ओरडून ओरडून निळी पडली. डॉक्टर गेल्यावर अक्कांनी पुन्हा गाणं धरलं. मी किंचाळले, "बंद करा ते! पोरांचे डोळे खाणारीला आई म्हणू नका!"

अक्का थांबल्या. पदराची किनार चाचपू लागल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मना तीन पोरं लई गयी ती. तिन्ही खेपे मी हाईच गानं म्हनं."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांची तीन मुलं देवीत गेल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"ती चांगली शे असं माले कधीच वाटनं नही," अक्का म्हणाल्या. "भ्याव वाटे. म्हनीसन गोड बोलू."

मी त्यांना भाविक समजत होते. ती भक्ती नव्हती, भीती होती. दांडगटापुढं गरीब माणूस बोलतो तसं ते गोड बोलणं होतं. माझा त्यांच्यावरचा राग तिथंच संपला. ज्याच्यापुढं त्यांना असं बोलावं लागलं त्याच्यावरचा दुप्पट झाला.

खपल्या धरल्या. इंदू जगली. डॉक्टरांनी तिला खिडकीपाशी नेऊन डोळे तपासले आणि म्हणाले, "डावा गेला. उजव्यात फूल पडलंय. उजेड-अंधार कळेल, त्यापुढं नाही."

मी विचारलं, "का?"

ते कापूस टाकून हात धूत होते. "कसं झालं ते मी सांगू शकतो. का झालं ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. त्या सगळ्या दिवसांत मला मिळालेलं प्रामाणिक उत्तर ते एवढंच. त्याबद्दल आणि त्यांच्या हातांबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन.

घरी परतल्यावर देवीची बोळवण करायची होती. गल्लीतल्या बाया जमल्या. ताटात दहीभात, हळदकुंकू, लिंबू. ते गावाच्या शिवेवर ठेवून यायचं. एकजण म्हणाली, "पोर जित्ती ठेवी तिनं. हात जोड."

"नाही जोडणार."

बाया मागं सरकल्या. त्यांच्या कडेवर त्यांची पोरं होती. माझ्या हट्टाची शिक्षा त्यांना होईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. ती मला दिसत होती. तरी माझे हात उठले नाहीत.

अक्कांनी ताट उचललं. मला वाटलं, माझ्या वतीनं त्या निघाल्या. पण त्या खाली बसल्या, इंदूला मांडीवर ओढलं, तो दहीभात कालवला आणि पहिला घास तिच्या तोंडात घातला.

"पोर भुकी शे," त्या म्हणाल्या.

बाया एकेक करून निघून गेल्या. त्या उन्हाळ्यात आणखी दोन घरांत देवी निघाल्या. तिथं ताप बोळवणीच्या आधीच आला होता, पण बोल आम्हांलाच लागला. पुढच्या हिवाळ्यात टोचणारे आले, तेव्हा माझ्या जावेचं तान्हं बाळ घेऊन अक्का सगळ्यांच्या पुढं उभ्या होत्या. "बठ्ठ्या या वं!" म्हणून सगळ्या बायांना हाका मारत होत्या. काही आल्या. तुम्हीही न्या. बाकी काय मानायचं ते माना, पण पोरांना टोचून आणा.

मी अजून देवापुढं दिवा लावते. हात जोडत नाही. नाहीच म्हणून टाकलं, तर भांडू कुणाशी?

परवा दिवा लावताना मी पुटपुटत होते. इंदू चाचपडत आली, माझ्या गालावर हात फिरवून म्हणाली, "रागावलीस? कुणावर?"

"देवावर. तुझे डोळे गेले तेव्हा तो बघत बसला म्हणून."

ती म्हणाली, "त्यालाही दिसत नसेल गं, आई."

तिनं त्याला माफ करून टाकलं होतं. मी तिला जवळ घेतलं. मी अजून त्याला माफ केलेलं नाही.