पट्टे नसलेलं कापड

तोंडावर नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. मी त्याला भिडस्तपणा म्हणत आलो. भित्रेपणा म्हणायला हवं होतं.

बऱ्हाणपुरात माझा कोऱ्या कापडाचा धंदा. मागवाले कोरे ताके माझ्याकडे आणून टाकायचे, मी ते रंगाईला बाहेरगावी धाडायचो. रंगवलेलं कापड विणणाऱ्याच्या नजरेला कधी पडतच नसे. रंग कसा चढला, खोट कुठे निघाली, हे व्यापारी सांगेल ते खरं. आमच्याकडे चालतच तसं आलंय.

देशाचा बाजार बाहेरच्या मालाला मोकळा झाला, त्या वर्षांतली गोष्ट. चीनमधल्या गिरण्यांनी जगाला लागेल त्याहून जास्त कापड काढून ठेवलं होतं. यंत्रं थांबवणं परवडेना, म्हणून मिळेल त्या भावात ते देशोदेशी सोडत होते. आमच्या सुताच्या भावात त्यांचं अस्तराचं तयार कापड मिळू लागलं. मग मी काय केलं? इतरांनी केलं तेच. त्या मालानं गोदाम भरलं.

राहता राहिला एक मागवाला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. घरातच चार माग, बायको आडव्या सुताच्या कांड्या भरून द्यायची आणि तो विणायचा. इतक्या वर्षांत त्याच्या कापडात कधी खोट निघाली नव्हती. 'बाहेरचा माल घेतलाय, आता तुमचा नको,' हे त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "दादा, रंगवल्यावर आडवे पट्टे उमटताहेत. रंगाईवाले ओरडतात."

तो हळूच म्हणाला, "घरवालीच्या कांड्या ढिल्या पडत असतील, शेठ. तिची नजर कमी झाली वाटतं."

तेव्हा तरी बोलायचं ना. मी मान डोलावली. आयतं कारण मिळालं, सुटलो बुवा, असंच वाटलं मला. आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

त्यानं बायकोला कांड्यांवरून उठवलं आणि स्वतः भरू लागला. महिन्याभरानं नवा ताका घेऊन आला, दुकानाच्या दारात उजेडाला धरून उभा राहिला. बोट ठेवायला जागा नव्हती. "रंगवून बघतो," म्हणालो, आणि आठ दिवसांनी निरोप धाडला की पट्टे आहेतच. ताका माझ्या गोदामात तसाच पडून होता, कोरा.

त्यानं माग भंगारात काढले. शाहपूरकडे केळीच्या गाड्या भरायला जातो, असं कानावर आलं. त्याच्या गल्लीतून जाणं मी टाळू लागलो.

तीनेक वर्षांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन नवरा-बायको दोघं दुकानात आले. मी बसायला सांगितलं. तो म्हणाला, "बाकीच्या शेठांनी बहाणे केले. चीनचा माल आला, बाजार बसला, काय काय. एक तुम्हीच आमची चूक सरळ सांगितली. म्हणून देवानंतरची पहिली पत्रिका तुम्हाला."

तिनं पदर सावरला. "माझ्याच डोळ्यांनी घात केला, भाऊ. तुमचं पण नुकसान झालं. माफ करा."

मी दोन्ही हातांनी पत्रिका घेतली आणि म्हणालो, "जाऊ द्या, वहिनी. होतं असं."