पाकिटावरची तिसरी ओळ

नातेवाइकांत कुणाच्या घरी इंग्रजी छापलेलं काही आलं की ते माझ्यासाठी ठेवलं जायचं. औषधाची बाटली, मोबाइलचं खोकं, फवारणीचा डबा. मी जालन्याच्या इंग्रजी शाळेत शिकले, एवढंच कारण. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण वाचून दाखवायला सांगितलं की तेवढं जमायचं.

त्या दिवाळीत मी जाफराबादला मावशीकडे गेले. मावसबहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणते. दारातच ती हसली आणि तिच्या वरच्या दातांवर तार चमकली. प्रत्येक दाताभोवती निळ्या रबराची कडी.

"तुझ्यासारखी," ती म्हणाली.

शाळेत असताना माझ्या दातांना दोन वर्षं तारा होत्या. फोटोत मी ओठ घट्ट मिटून उभी राहायचे. त्या कुणाला हव्याशा वाटत असतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

ओसरीत शेजारच्या बायका करंज्या लाटायला बसल्या होत्या. "डॉक्टरकडं जाऊन आली म्हणं," एकजण म्हणाली. "आता हिच्यासंगं इंग्लिशमधीच बोलावं लागतंय बाई!" सगळ्या हसल्या. मावशीने डब्यामागून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "डॉक्टरनं काय पथ्य दिलंय वाच गं माय. ही तर काहीच सांगंना."

पाकिटावर तीन ओळी होत्या. पहिली, हे फक्त सजावटीसाठी. दुसरी, दातांच्या उपचारासाठी नाही. तिसरी, फोटो झाल्यावर लगेच काढून ठेवावे. डॉक्टरचा कुठे पत्ताच नव्हता. ही शोभेची तार ताईने मोबाइलवरून मागवली होती. मी वर पाहिलं. पिठाचे हात तसेच धरून ती माझ्याकडे बघत होती.

"जेवल्यावर चूळ भरायची," मी म्हणाले. "कडक काही खायचं नाही." ही पथ्यं माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलेली होती. बायकांनी माना डोलावल्या.

नंतर गच्चीवर ताईने माझा दंड दाबला. "वाचवलं बघ तू." मग हळूच विचारलं, "थोडं दुखून राह्यलंय. तुला दुखायचं का?"

"सुरुवातीला दुखायचं."

"म्हंजे बराबर बसून राह्यलंय!" तिचा समोरचा एक दात जरासा पुढे होता. तो आत जाईल अशी तिला आशा होती, हे मला तेव्हा समजलं. तिसरी ओळ सांगायला ती वेळ चांगली होती. गच्चीवर आम्ही दोघीच होतो. ती इतकी खुशीत होती की मी गप्प बसले.

संक्रांतीच्या आसपास तोच दात हलायला लागला. हिरडी सुजली, रक्त यायचं. ताईने तार आणि कड्या काढून टाकल्या, पण एक कडी मोजणीत कमी भरली. ती तुटून पडली असेल असं तिला वाटलं. मावशी लवंग दाबायला द्यायची आणि सांगायची, दात जागेवर सरकतोय, थोडं सोस.

शेवटी दोघींना जालन्याच्या दवाखान्यात घेऊन गेले ती मीच. डॉक्टरीणबाईंनी हिरडी उघडली आणि चिमट्यात धरून निळी कडी बाहेर काढली. दातावरून घसरत ती मुळापर्यंत गेली होती आणि दाताला धरणारं हाड तिच्यामुळे झिजलं होतं. "कीड नव्हती, दात चांगला होता," त्या म्हणाल्या. "दुखायला लागलं तेव्हाच आला असतात तर वाचला असता."

"पर डॉक्टरनंच तर लावल्ती तार," मावशी म्हणाली.

ताई रडायला लागली आणि सगळं बाहेर आलं. मावशी माझ्याकडे वळली. "तू वाचलं व्हतं ना गं पाकीट?"

"हो."

"मंग आमाला काय वाचून दाखवलं, माय?"

त्या दुपारी दात काढला.

आता ताईला खोटा दात आहे. हसताना ती पालथा हात तोंडावर धरते. ती माझ्यावर कधी चिडली नाही, उलट स्वतःलाच दोष देते. ते ऐकणं जास्त जड जातं.

मागच्या महिन्यात मावशीकडे गेले तेव्हा फळीवर खोकल्याच्या औषधाची नवी बाटली होती. सवयीने मी ती उचलली आणि वाचायला लागले.

"राहू दे," मावशी चहा गाळत म्हणाली. "मेडिकलवाल्याला इचारलंय मी."

मी बाटली परत जागेवर ठेवली.