वरचा मजला रिकामा असताना

सदर इसम, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय कवळ्या बनवणे, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक, हा दोन सदनिकांचा कायदेशीर मालक असून त्याची गणना स्थावर मालमत्तेतील गुंतवणूकदार या वर्गात करण्यात यावी.

लॅबमधलं काम उभ्यानेच होतं. दुसऱ्यांच्या तोंडात नीट बसतील असे दात घासता घासता याचे गुडघे कामातून गेले. म्हणून बेत साधा होता: दुसरं घर घ्यायचं, ते भाड्याने द्यायचं आणि वर्षअखेर लॅबला रामराम ठोकायचा.

घर बघायला नवरा-बायको भर दुपारी गेले. सवयीप्रमाणे याने दारं लावून फटी पाहिल्या, नखाने फरशीचे सांधे चाचपले. नाव ठेवायला जागा नव्हती.

"आणि काका, वरचा फ्लॅट रिकामा," एजंट म्हणाला. "डोक्यावर धाडधाड नाही, पोरांची पळापळ नाही. एवढी शांतता पैसे देऊन मिळत नाही."

"देतोच आहोत की," बायको म्हणाली.

ग्राइंडरच्या घरघरीत जन्म काढलेल्या माणसाला ती शांतता आवडली नसती तरच नवल. जिथे कोणी राहत नाही तिथे कोणी आंघोळही करत नाही, हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ताबा मिळाला आणि वर सहा जणांचं कुटुंब भाड्याने आलं. स्वच्छतेची आवड असलेली माणसं. खाली बेडरूमच्या छताला आधी डाग पडला, मग पोपडे धरले, मग धार लागली. वरचे म्हणाले, मालकाला विचारा. मालक परदेशात. तो फोनवर म्हणाला, "अहो, मी ते घर अजून पाहिलंही नाही. गुंतवणूक म्हणून घेतलंय."

याने लॅबमधलं प्लॅस्टर नेऊन फट भरली. कवळीच्या टाळूसारखी गुळगुळीत. पाणी वीतभर बाजूने येऊ लागलं. पहिला भाडेकरू भांडून गेला, दुसरा टेम्पोतलं सामान न उतरवताच.

"अहो, रंग मारून घ्या आणि दुपारी दाखवा," बायको म्हणाली. "त्यांच्या आंघोळी उरकून छत सुकलेलं असतं तेव्हा. आपल्यालाही नाही का कोरडंच दाखवलं?"

"अगं, पण—"

"पण काय? गुडघ्यांना विचारा."

दुपारी एक तरुण जोडपं आलं. छत पांढरंशुभ्र, कोरडं ठाक. मुलीने पलंग कुठे लावायचा तेसुद्धा ठरवून टाकलं. नवऱ्याने जाता जाता विचारलं, "वर कोण राहतं, काका?"

बायकोने डोळे वटारले. खोटं बोलायला काही कष्ट नव्हते. पण ते बोलल्यावर दर आठवड्याला भाडेकरूच्या तक्रारीचा फोन उचलावा लागला असता, आणि याला आता त्याचाही कंटाळा आला होता.

"चांगली माणसं आहेत," तो म्हणाला. "सहा जण. रोज आंघोळ करतात."

दोघांनी माना वर केल्या, छत न्याहाळलं आणि घरी विचारून सांगतो म्हणाले.

"झालं समाधान?" जिना उतरताना बायकोने विचारलं. कठडा धरून तो एकेक पायरी उतरत राहिला.

सोमवारी तो नेहमीच्या वेळेला लॅबमध्ये कामाला उभा राहिला.